वृद्धांसाठी पायाचे सूप : कृती आणि मर्यादा

तापीकाठचे बुऱ्हाणपूर फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशाची राजधानी होते. पुढे ते मोगलांचे दख्खनमधील प्रमुख ठाणे झाले. अशा जुन्या शहरांच्या पाकपरंपरेत ‘पाया’ म्हणजे बकऱ्याच्या पायांचा मंद आचेवर शिजवलेला रस्सा परिचित आहे. आजारातून उठलेल्या वा दात नसलेल्या ज्येष्ठांना तोच सौम्य करून देता येतो.

स्वच्छ केलेले ४ पाय दीड लीटर पाण्यात आले, लसूण, मिरी व हळद घालून कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर तासभर शिजवावेत. रस गाळून घ्यावा. हाडाची कपची राहिल्यास ती घशात अडकू शकते. रस निवल्यावर वर साचलेली चरबी काढावी. मग त्यात गाजर, दुधी, पालक आणि अर्धी वाटी मूगडाळ मऊ शिजवून घोटावी.

थंड रस थिजतो, तो कोलॅजनपासून बनणाऱ्या जिलेटीनमुळे. हाडांतील कॅल्शियम मात्र पाण्यात फारच थोडे उतरते. त्यामुळे हे सूप दूध, नाचणी वा जेवणाची जागा घेऊ शकत नाही. नुसत्या सुपाने पोट भरले, तर अशक्तपणा वाढतो. डाळ घालण्याचे कारण हेच.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची शिफारस केली आहे. म्हणून मीठ बेतानेच घालावे. मूत्रपिंडविकार, गाउट किंवा गिळताना ठसका लागत असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. उरलेले सूप दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे आणि देताना पुन्हा उकळावे.