प्लँचेटची वाटी नेमकी कोण हलवते?

कागदावर गोलाकार मुळाक्षरे लिहायची, एका बाजूला 'हो' आणि दुसऱ्या बाजूला 'नाही', मधोमध एखादे नाणे किंवा पालथी वाटी. तीन-चार जणांनी तिच्यावर बोट टेकवायचे, दिवा मंद करायचा आणि प्रश्न विचारायचा. महाराष्ट्रातील वसतिगृहांत आणि सुट्टीत भावंडांनी भरलेल्या घरांत हा प्रकार 'प्लँचेट' या नावाने ओळखला जातो. अमेरिका-युरोपात त्याचे छापील रूप 'ओईजा बोर्ड' म्हणून खेळण्यांच्या दुकानात मिळते. दोन्हीकडचा अनुभव मात्र एकच असतो. वाटी खरोखर सरकते, अक्षरे जुळून शब्द होतात, आणि बोट ठेवणारा प्रत्येक जण शपथेवर सांगतो की 'मी हलवली नाही'.

या शपथेवर दोन प्रकारे बोलले जाते. श्रद्धाळू म्हणतात की आत्मा आला. संशयी म्हणतात की कोणीतरी लबाडी करतो आहे. प्रयोगांनी दिलेले उत्तर या दोहोंपेक्षा वेगळे आहे. वाटी बसलेली माणसेच हलवतात आणि तरीही त्यांपैकी कोणी खोटे बोलत असेलच असे नाही.

टेबलापासून फलकापर्यंत

मृतांशी संवादाची आधुनिक लाट १८४८ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल या खेड्यात फॉक्स भगिनींच्या घरातील 'ठकठक' आवाजांपासून सुरू झाली. पाच वर्षांत ती इंग्लंड आणि युरोपात पोहोचली. तेथे टेबलाभोवती बसून त्यावर हात ठेवले की टेबल फिरू लागते, असा दिवाणखान्यांतील प्रयोग लोकप्रिय झाला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये चाके आणि पेन्सिल लावलेली लहान फळी आली. 'प्लँचेट' या फ्रेंच शब्दाचा अर्थच 'छोटी फळी' असा आहे. पुढे पेन्सिलीऐवजी छापील अक्षरे आली आणि १० फेब्रुवारी १८९१ रोजी एलायजा बाँड यांना ओईजा फलकाचे अमेरिकी पेटंट मिळाले. १९६६ मध्ये त्याचे हक्क पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने घेतले. मराठीत फळीचे नाव तेवढे टिकले, फळीची जागा वाटीने घेतली.

फॅरेडे यांचा प्रयोग

टेबल फिरण्यामागे वीज किंवा चुंबकत्व असावे, असे १८५३ मध्ये अनेक सुशिक्षितांना वाटत होते. साहजिकच विजेचे जाणकार म्हणून सर्वमान्य असलेल्या मायकेल फॅरेडे यांच्याकडे विचारणा होऊ लागली. फॅरेडे यांनी थट्टा केली नाही. टेबल हमखास फिरवू शकणाऱ्या आणि ज्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नव्हती अशा व्यक्ती त्यांनी प्रयोगासाठी निवडल्या.

प्रथम त्यांनी काच, ओली माती, पुठ्ठा, रबर, लाकूड असे निरनिराळे पदार्थ हात आणि टेबल यांच्यामध्ये ठेवून पाहिले. टेबल पूर्वीसारखेच फिरले. विजेचा किंवा चुंबकत्वाचा कोणताही मागमूस त्यांना सापडला नाही.

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला : आधी काय हलते, टेबल की हात? गुळगुळीत पुठ्ठ्याचे चार-पाच तुकडे मऊ, चिकट गोळ्यांनी एकावर एक चिकटवून ती चळत टेबलावर ठेवली आणि तुकड्यांच्या कडांवरून पेन्सिलीची रेघ ओढली. टेबल आपणहून फिरत असेल तर ते हातांना ओढेल आणि खालचे तुकडे पुढे सरकतील; हात टेबलाला ढकलत असतील तर वरचे तुकडे पुढे जातील. टेबल फिरल्यावर रेघ तपासली तेव्हा वरचे तुकडे खालच्यांपेक्षा अधिक सरकलेले आढळले. हात टेबलाच्या पुढे होते.

शेवटची पायरी सर्वांत बोलकी होती. दोन पातळ फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या घालून त्या रबरी पट्ट्यांनी बांधल्या आणि हाताचा अतिसूक्ष्म कलही दाखवील अशी लांब काडी त्यांना जोडली. काडी झाकलेली असताना टेबल नेहमीप्रमाणे हलत राहिले. काडी बसणाऱ्यांच्या नजरेसमोर येताच हालचाल थांबली. आपण ढकलतो आहोत हे दिसताच ढकलणे बंद पडले. त्यांना स्वतःचा दाब तोवर जाणवलाच नव्हता. फॅरेडे यांनी हे निष्कर्ष जून १८५३ अखेर 'द टाइम्स'ला पाठवलेल्या पत्रात आणि पाठोपाठ 'अथेनियम' नियतकालिकात मांडले.

कल्पनेतून उपजणारी हालचाल

या घटनेला नाव आदल्या वर्षीच मिळाले होते. शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी मार्च १८५२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 'आयडिओमोटर' क्रियेची संकल्पना मांडली. इच्छा नसतानाही, केवळ मनात कल्पना असल्यामुळे होणारी स्नायूंची सूक्ष्म हालचाल, असा तिचा अर्थ. त्याआधी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी लोलकावर असेच प्रयोग केले होते. हातात धरलेला लोलक पाऱ्यावर डोलतो. पण डोळे बांधले की तो मंदावतो, हे त्यांनी १८३३ मध्ये आंपेर यांना लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे.

एका माणसाच्या बाबतीत ही हालचाल नगण्य असते. वाटीवर चार बोटे असली की मात्र प्रत्येकाला दुसऱ्याचा दाब जाणवतो आणि स्वतःचा जाणवत नाही. पहिली दोन-तीन अक्षरे अडखळत येतात. नंतर शब्दाचा अंदाज बांधला जातो आणि वाटी जणू धावू लागते.

अबोध मनाला विचारलेले प्रश्न

येथवर प्रश्न हालचालीचा होता. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील एलेन गोशू, रोनाल्ड रेन्सिंक आणि सिडनी फेल्स यांनी २०१२ मध्ये पुढचा प्रश्न विचारला : जे आपल्याला ठाऊक आहे याचीच जाणीव नाही, ते या मार्गाने बाहेर येऊ शकते का?

सहभागी व्यक्तींना 'हो' किंवा 'नाही' अशी उत्तरे असलेले सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले गेले. प्रत्येक उत्तर खात्रीचे आहे की केवळ अंदाज, हेही त्यांनी सांगायचे होते. मग तेच प्रश्न ओईजा फलकावर. सहभागीचे डोळे बांधलेले असत आणि समोर एक जोडीदार असे. मात्र डोळे बांधल्यावर जोडीदार आपले हात हळूच काढून घेई. सरकपट्टी हलवणारी व्यक्ती आता एकटीच होती, आणि हे तिला माहीत नव्हते.

जिथे तोंडी उत्तर निव्वळ अंदाजाचे होते, तिथे ते निम्म्या वेळा बरोबर आले, म्हणजे नाणेफेकीइतके. फलकावर त्याच प्रश्नांची सुमारे ६५ टक्के उत्तरे बरोबर आली. कधीतरी वाचलेले आणि विसरले गेलेले काहीतरी, 'उत्तर मी देत नाही' या समजुतीच्या आडोशाने, हाताला वाट सापडून बाहेर येत होते.

हा निष्कर्ष जपून वाचायला हवा. प्रयोग लहान होता आणि ६५ टक्के बरोबर याचा अर्थ तीनांतील एक उत्तर चुकीचे. फलक सत्यवचनी आहे असे यातून सिद्ध होत नाही. कोणाच्याही स्मृतीत नसलेली माहिती वाटी देते, असा पुरावा तर यात मुळीच नाही.

डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठाच्या मार्क अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फलक वापरणाऱ्या जोड्यांच्या नजरेचा मागोवा घेतला. मुद्दाम शब्द जुळवताना माणसाची नजर पुढच्या अक्षरावर आधीच पोहोचते. 'आत्म्याला' विचारताना एकेकट्याची नजर तितकी पुढे नसे. पण दोघांची नजर एकत्र पाहिली तर कोणी ना कोणी पुढचे अक्षर आधीच हेरलेले असे. उत्तर दोघांत वाटले गेले होते, म्हणून ते कोणालाच आपले वाटत नव्हते.

खेळ संपतो तिथे

हे ज्ञान केवळ करमणुकीपुरते नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेत, बोलू न शकणाऱ्या स्वमग्न मुलांचा हात धरून त्यांना कळफलकावर टंकलेखन करू देण्याची पद्धत झपाट्याने पसरली. आयुष्यभर मूक राहिलेली मुले अचानक प्रगल्भ वाक्ये लिहू लागली आणि पालकांच्या आनंदाला पारावार उरला नाही. काही 'लेखनां'तून आईवडिलांवर लैंगिक अत्याचाराचे आरोपही झाले आणि कुटुंबे उद्ध्वस्त झाली. १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ओ. डी. हेक केंद्रात सहायक आणि रुग्ण यांना वेगवेगळी चित्रे दाखवून चाचणी घेण्यात आली. टंकलिखित शब्द सहायकाने पाहिलेल्या चित्राचा निघाला. १९९४ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचा ठराव केला. सहायक लबाड नव्हते. हात आपला आहे हे कळल्यावर त्यांच्यातील काही जण कोसळले.

दुसरे उदाहरण थेट लबाडीचे आहे, पण तिचे इंधन तेच. 'एडीई ६५१' नावाचे बनावट स्फोटकशोधक यंत्र इराकसह अनेक देशांना विकले गेले. त्यात चालणारे काहीही नव्हते. मुठीवर सैल बसवलेली दांडी धरणाऱ्याच्या हाताच्या कलाने फिरे. विक्रेता जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ मध्ये लंडनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तोवर बगदादच्या तपासणी नाक्यांवर सैनिक त्या दांडीवर विसंबून वाहने सोडत होते.

महाराष्ट्राला ही दांडी अनोळखी नाही. विहिरीची किंवा बोअरची जागा दाखवणारा पाणाडी दुबेळक्याची काठी किंवा तळहातावरचा नारळ घेऊन शेतातून चालतो आणि एका जागी काठी झुकते, नारळ उभा राहतो. पाणाडी बहुधा मनापासूनच चालत असतो. कर्ज काढून बोअर मारणाऱ्या शेतकऱ्याला मात्र त्याच्या प्रामाणिकपणाचा उपयोग नसतो.

घरच्या घरी पडताळणी

शेव्हरल यांचा प्रयोग कोणीही करू शकतो. दोऱ्याला अंगठी बांधून ती कागदावरील वर्तुळावर धरावी आणि हात स्थिर ठेवून 'ही गोल फिरेल' एवढाच विचार करावा. अनेकांच्या हातात ती थोड्याच वेळात फिरू लागते. मग डोळे मिटावेत आणि अंगठीकडे दुसऱ्याने पाहावे.

प्लँचेटसाठीही तोच न्याय लागू पडतो. सर्वांचे डोळे बांधावेत, अक्षरांचा कागद न सांगता फिरवावा आणि येणारी अक्षरे तिऱ्हाइताने लिहून घ्यावीत. कागद पाहू शकणारा आत्मा असेल तर त्याला बसलेल्यांच्या डोळ्यांची गरज पडू नये. शब्द मात्र डोळे उघडे असतानाच जुळतात.

आत्मे आहेत की नाहीत, यावर फॅरेडे यांच्या काडीने निर्णय दिलेला नाही. तिने एवढेच दाखवले की 'मी हलवले नाही' ही प्रामाणिक साक्षसुद्धा चुकीची असू शकते. म्हणून ज्या निर्णयावर कोणाची अब्रू, पैसा किंवा जीव अवलंबून आहे, तिथे साक्ष देणाऱ्याच्या सचोटीबरोबर काडीही नजरेसमोर असावी लागते.