औषध देणारा हात

धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची पूजा करतो, धने-गुळाचा नैवेद्य दाखवतो. समुद्रमंथनातून अमृताचा कलश हातात घेऊन तो वर आला, ही कथा घरातल्या लहान पोरालाही पाठ असते. आपल्या वैद्यकाने उपचाराचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यात औषध आहे, पण औषध करणाऱ्याला वेगळा पाट मांडलेला नाही. कारण वैद्यबुवा स्वतःच मुळ्या आणीत, स्वतःच खलीत आणि स्वतःच पुडी बांधून देत. पुढे हे काम दुसऱ्या हाताकडे गेले, आणि तो हात कुणाचा आहे हे पाहण्याची सवय आपल्याला कधी लागलीच नाही.

मी शाळामास्तर. बारावीचे निकाल लागले की पालक सल्ल्याला येतात. त्यांतले एक वाक्य मला वर्षानुवर्षे ऐकू येते : "मास्तर, डॉक्टरीला नंबर लागला नाही, तेव्हा म्हटले फार्मसीला घालू." जणू पुरणपोळी संपली म्हणून पानावर पोळी वाढावी! मी मॅट्रिक झालेला माणूस. औषधशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण कोणता माणूस कशाच्या ओढीने कोणत्या धंद्यात शिरतो, आणि तो धंदा पुढे त्याचे काय करतो, हे पाहणे कादंबरी लिहिणाऱ्याच्या पोटापाण्याशी जोडलेले असते. त्या डोळ्यांनी मी औषधवाल्यांचा इतिहास चाळला. त्यात जी माणसे भेटली, त्यांची ओळख या सणाच्या दिवसांत वाचकांना करून द्यावी असे मनात आहे.

युरोपात वैद्य आणि औषधवाला यांची फारकत इ. स. १२४०च्या सुमारास कायद्याने झाली. सिसिलीचा राजा व सम्राट दुसरा फ्रेडरिक याने हुकूम काढला की, वैद्याने औषधाचे दुकान घालू नये, दुकानदाराशी भागीदारी करू नये. औषधवाल्याने नियमाप्रमाणे औषध बनवण्याची शपथ घ्यावी, आणि नफा किती घ्यावा हे सरकारने ठरवावे. मला या हुकुमात मोठे शहाणपण दिसते. लिहिणारा एक आणि देणारा दुसरा असला, म्हणजे एकाच्या चुकीवर दुसऱ्याची नजर राहते. औषधवाल्याचा जन्मच मुळी पहाऱ्यासाठी झाला. हे ध्यानात ठेवले की पुढच्या गोष्टींचा अर्थ लागत जातो.

पहिली गोष्ट कार्ल विल्हेल्म शीलेची. हा १७४२ मध्ये जन्मला. विद्यापीठाची पायरी त्याने विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही. चौदा-पंधरा वर्षांचा असताना स्वीडनमधल्या गोटेबोर्ग गावी एका औषधवाल्याकडे तो उमेदवार म्हणून राहिला. दिवसभर काढे उकळायचे, चूर्णे कुटायची, बाटल्या धुवायच्या; आणि रात्री मालकाची पुस्तके काढून त्यांतले प्रयोग स्वतः करून पाहायचे. मालकाने हाकलून दिले नाही, हे जगावर उपकार झाले. प्राणवायू या शीलेने जोसेफ प्रीस्टलीच्याही आधी तयार केला होता. त्याचे पुस्तक मात्र १७७७ मध्ये निघाले आणि तोवर मान दुसरीकडे गेला. क्लोरिन वायू त्याने १७७४ मध्ये मिळवला. आंबट दुधातले आम्ल त्याने वेगळे केले, लिंबातलेही केले. १७७५ मध्ये स्वीडनच्या विज्ञान अकादमीने त्याला सभासद करून घेतले तेव्हा हा गृहस्थ अजून औषधाच्या दुकानातला सहायकच होता! बाहेरून मोठमोठी बोलावणी आली, तरी तो गेला नाही. क्योपिंग नावाच्या लहानशा गावी एका विधवेचे दुकान त्याने चालवायला घेतले आणि १७८६ मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो तिथेच वारला. मरणापूर्वी दोनच दिवस त्याने त्या विधवेशी लग्न लावले. दुकान तिच्या हाती रीतसर राहावे, एवढाच त्यात हेतू होता.

शीलेचा आणखी एक शोध वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याची गाठ पडणार आहे. १७८०च्या आसपास, जखमेवरचे मलम करताना जसे करतात तसे ऑलिव्हचे तेल आणि शिशाचे भस्म त्याने एकत्र उकळले. त्यातून एक दाट, गोड, रंगहीन द्रव निघाला. त्यालाच आज आपण ग्लिसरीन म्हणतो.

दुसरा उमेदवार जर्मनीतल्या पाडरबोर्नचा, फ्रीड्रिख झेर्टुर्नर. अफूने दुखणे थांबते हे सगळ्यांना ठाऊक होते. पण एका वडीतली अफू झोप आणी, तर तेवढ्याच दुसऱ्या वडीतली जीव घेई. वैद्य म्हणत, रोग्याचे नशीब. या विशी-बाविशीच्या पोराला ते पटले नाही. त्याने १८०५च्या सुमारास अफूतले मूळ सत्त्व वेगळे काढले आणि स्वप्नांच्या ग्रीक देवावरून पुढे त्याला मॉर्फिन असे नाव पडले. खातरी करण्यासाठी त्याने ते स्वतः घेतले, तीन तरुण मित्रांनाही दिले आणि सगळेच मरता मरता वाचले. हे धाडस मी मुलांना अनुकरणासाठी सांगत नाही! पण त्याची तळमळ पाहावी : "साधारण एवढे" हा शब्द त्याला सहन होत नव्हता. वनस्पतीतले औषध मोजून देता येण्याची खरी सुरुवात तिथून झाली.

शोध लागणे ही कुतूहलाची कमाई. पण केवळ पोट आणि कुतूहल यांनीच माणसे या धंद्यात येतात असे नाही. बंगालचे प्रफुल्लचंद्र राय एडिंबरोहून रसायनशास्त्राचे डॉक्टर होऊन आले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अडीचशे रुपयांवर शिकवू लागले. सुशिक्षित तरुण कारकुनीसाठी साहेबांच्या दारी ताटकळतात आणि साधे औषधही विलायतेहून येते, हे त्यांना सलत होते. १८९२ मध्ये सातशे रुपयांच्या भांडवलावर त्यांनी आपल्या भाड्याच्या घरातच औषधांचा कारखाना मांडला. त्यातून पुढे १९०१ मध्ये बेंगॉल केमिकल ही कंपनी उभी राहिली. फॉस्फेटसाठी जनावरांची हाडे लागत. ती या प्राध्यापकांनी घराच्या गच्चीवर वाळत घातली. शेजाऱ्यांनी काय म्हटले असेल, ते वाचकांनीच कल्पावे.

त्यांच्या औषधांत ओव्याचा अर्क होता, अडुळशाचे सरबत होते. आपल्या आजीच्या बटव्यातलीच ही मंडळी, पण ठरलेल्या मापाने आणि एकसारख्या प्रतीची. तरी दुकानदार ती ठेवायला तयार नसत. अमूल्यचरण बोस नावाचे डॉक्टर मित्र स्वतः ती लिहून देऊ लागले, इतर डॉक्टरांच्या गळी उतरवू लागले. १८९८ मध्ये प्लेगने या बोसांचा बळी घेतला. राय मात्र मागे हटले नाहीत. स्वतः ते अविवाहित राहिले आणि मिळकतीतला मोठा भाग विद्यार्थ्यांवर खर्च करीत गेले.

तरीही देशातला बाजार सुधारला नव्हता. हिवतापाने माणसे मरत होती आणि कोयनेल म्हणून विकला जाणारा माल कित्येकदा कोयनेल नसे. औषध बांधून द्यायला शिक्षण लागते, असा नियमच नव्हता. १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. १९३१ च्या तिच्या अहवालाने हा सगळा कारभार उघड्यावर मांडला. त्यातूनच १९४० चा औषधांचा कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. दरम्यान महादेवलाल श्रॉफ यांनी १९३२ मध्ये काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात या विषयाचे शिक्षण सुरू करून दिले. परदेशात शिकून आलेल्या या माणसाला कोठेही बरी नोकरी मिळाली असती. पण त्यांना एकट्याने चांगला औषधवाला व्हायचे नव्हते, चांगल्या औषधवाल्यांची पिढी करायची होती. मास्तरकीची ही जात माझ्या ओळखीची आहे, म्हणून त्यांच्याविषयी मला विशेष जिव्हाळा वाटतो.

इथवर सगळी भली माणसे झाली. पण वाईट ओढीनेही माणूस औषधाच्या कपाटापाशी येतो. रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात टॉर्की गावच्या इस्पितळात औषधे देण्याचे काम शिकल्या आणि १९१७ मध्ये त्याची परीक्षाही उतरल्या. शिकवणीसाठी त्या गावातल्या एका नामांकित औषधवाल्याकडे जात. आत्मचरित्रात त्या सांगतात की, हा गृहस्थ क्युरारे नावाच्या जहाल विषाचा खडा खिशात घेऊन हिंडे. का, तर त्याने आपण बलवान आहोत असे वाटते! एकदा त्याने हिशेबात दशांशचिन्ह चुकवले. औषध दसपट झाले. शिकाऊ मुलीने एवढ्या मोठ्या माणसाला चूक कशी दाखवावी? तिने अडखळल्याचे सोंग केले, मांडलेले सगळे औषध जमिनीवर पाडले आणि पायाखाली चिरडून टाकले. वर क्षमाही मागितली. पुढे १९२० मध्ये तिची पहिली कादंबरी निघाली. तीत कुचल्याचे विष आहे, आणि त्याचे वर्णन इतके चोख की औषधवाल्यांच्या मासिकानेही वाहवा केली. कादंबरीकार म्हणून मला तिचा हेवा वाटतो. पण मास्तर म्हणून मला ती अडखळलेली मुलगी अधिक मोठी वाटते.

आता ग्लिसरीनकडे वळू. शीलेच्या त्या गोड द्रवासारखाच दिसणारा, तसाच दाट व गोड, पण मूत्रपिंडे निकामी करणारा एक पदार्थ आहे. डायइथिलिन ग्लायकॉल त्याचे नाव. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने सल्फानिलामाइड हे गुणकारी औषध पातळ करण्यासाठी हाच पदार्थ वापरला. रंग पाहिला, वास पाहिला, चव पाहिली; विषारी आहे का, एवढेच पाहिले नाही. शंभरावर माणसे मेली, त्यांत कित्येक मुले होती. विकण्यापूर्वी औषध निर्धोक असल्याचे दाखवा, असा कायदा १९३८ मध्ये झाला तो या मृत्यूंनंतर. आपल्या मुंबईत १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात तेच घडले. रोग्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हे विष होते. चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंत कुठे कुठे डोळेझाक झाली ते बाहेर आले. २०२२ मध्ये गांबिया देशात मुले मेली, त्या वेळी भारतात बनलेल्या सिरपांत हाच पदार्थ आढळल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला.

या प्रकरणांत कसलेही गूढ शास्त्र नव्हते. पिंप आले, त्यावरची चिठ्ठी वाचली, आतला माल तपासला नाही. मधल्या साखळीत एकाने जरी "थांबा, हे मी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही" असे म्हटले असते, तर माणसे वाचली असती.

असे म्हणणारी एक बाई होऊन गेली. १९३७ च्या त्या विषाचा छडा लावण्याच्या कामी शिकागोच्या विद्यापीठात फ्रान्सिस केल्सी नावाची विद्यार्थिनी राबली होती. १९६० मध्ये ती अमेरिकेच्या औषध-खात्यात लागली. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात थॅलिडोमाइड नावाच्या औषधाचा अर्ज तिच्या मेजावर आला. युरोपात ते झोपेसाठी आणि गरोदर बायकांच्या मळमळीसाठी सर्रास खपत होते. तिने पुरावा मागितला. अपुरा वाटला, पुन्हा मागितला. कंपनीची माणसे येरझारा घालीत राहिली, वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या, तरी बाईंची सही काही होईना. १९६१ च्या अखेरीस हातापायांवाचून जन्मलेल्या मुलांच्या बातम्या आल्या. जगभर अशी हजारो मुले जन्मली होती. अमेरिकेतली बहुतेक घरे वाचली. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी तिचा गौरव केला. तिने नवे औषध शोधले नव्हते. तिने फक्त एक सही केली नव्हती.

आता त्या बारावीच्या पोराकडे येऊ. त्याला रसायनशास्त्रात किती गुण आहेत, हे कॉलेज विचारीलच. घरच्यांनी निराळे प्रश्न विचारावेत. तेच काम शंभराव्यांदा करताना पहिल्याइतकेच लक्ष राहते का? किराणा आणायला धाडले तर वजनावर आणि तारखेवर नजर टाकतो का? शेजारच्या घरचे गुपित कळले तर पोटात ठेवतो का? कारण औषधवाल्याला गावातल्या प्रत्येक घराचे दुखणे ठाऊक असते. मोठ्या माणसाचा आकडा चुकला तर तो अदबीने पण ठामपणे बोलून दाखवील का? आणि खिशात विषाचा खडा बाळगून बलवान वाटून घेणाऱ्यांतला तर तो नाही ना? पगारासाठी या धंद्यात येण्यात वावगे काहीच नाही. शीलेही पोटासाठीच उमेदवार झाला होता. पण डॉक्टरी हुकली म्हणून तोंड पाडून जो जाईल, त्याला सांगावे : बाबा रे, डॉक्टरची चूक जिथे अडवायची, त्या चौकीवर तुझी नेमणूक आहे.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे वह्यांबरोबर तराजूचीही पूजा होते. सोनाराचा तराजू चुकला तर गिऱ्हाइकाचे चार पैसे जातात. औषधाच्या दुकानात आता तराजू क्वचितच दिसतो. गोळ्या कारखान्यातून मोजून येतात. म्हणून मोजणाऱ्याची जबाबदारी संपली असे मात्र नाही. दिवाळीत फटाक्याने भाजले म्हणून, नाहीतर फराळ बाधला म्हणून, रात्री अकराला आपण ज्या उजेडाच्या दुकानाशी धावतो, तिथला माणूस चिठ्ठी दोनदा वाचतो, भुवई उंचावतो आणि विचारतो, "हे कुणासाठी आहे? वय काय?" आपल्याला घाई असते, आपण चिडतो. यंदा चिडू नये. त्याला उत्तर द्यावे, आणि वाटल्यास फराळाचे ताटही पाठवावे.