पुस्तकातली आई, पुस्तकातले बाबा

आपण जून १९८६ मध्ये पहिलीत आलो आणि हातात पडलं ते 'बालभारती'. खाकी कव्हर, वर नाव-इयत्ता-तुकडी. सगळ्या वर्गाचं पुस्तक एकच, त्यामुळे चित्रंही सगळ्यांची एकच. माझ्या आठवणीतल्या त्या चित्रांत आई बहुतेक वेळा स्वयंपाकघरात असते आणि बाबा वर्तमानपत्र वाचत असतात किंवा कामावर निघालेले असतात. धड्यावर बाई प्रश्न विचारायच्या. चित्रावर कुणी विचारल्याचं आठवत नाही. धडा पाठ करावा लागायचा, चित्र आपोआप पाठ व्हायचं.

ही पुस्तकं तयार होतात आपल्याच पुण्यात. कोठारी आयोगाच्या शिफारशीनंतर २७ जानेवारी १९६७ रोजी राज्याचं पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झालं. सेनापती बापट रस्त्यावरची त्याची इमारत आपण बसमधून कितीदा पाहिली असेल! तिथे कुणी काढलेलं चित्र गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत लाखो मुलं एकाच वेळी बघतात.

योगायोग असा, की आपण पहिलीत आलो त्याच वर्षी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. स्त्रियांच्या समानतेसाठी अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकं नव्याने घडवायची, असं त्यात लिहिलेलं होतं. पण कागदावरचं धोरण चित्रात उतरायला वेळ लागतो. आपण १९९६ मध्ये दहावी होऊन बाहेर पडलो, वर्गातल्या काही मुली इंजिनीअर झाल्या, काही डॉक्टर. आपल्या मुलांनीही शाळेत जायला सुरुवात केली.

मग २०१९ मध्ये दुसरीचं नवं पुस्तक आलं. त्यात बाई आणि पुरुष शेजारी बसून भाजी निवडताहेत, डॉक्टर बाई आहे, वाहतूक पोलीसही बाई आहे आणि स्वयंपाक करणारा आचारी पुरुष आहे. मुख्य म्हणजे चित्रात काय दिसतं, ते मुलांनी सांगायचं आहे. मला भाजीपेक्षा हा प्रश्न मोलाचा वाटतो. आपल्या वेळी नेमका तोच नव्हता. या चित्रांची बातमी देशभर गेली. आपल्याकडे मात्र त्या जूनमध्ये घरोघरी वाद रंगला तो दुसरीच्याच गणिताचा: सत्तावीस म्हणायचं की वीस सात!

त्याच २०१९ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि जे पुरुष ते करत होते, ते ९७ मिनिटं. मुळात दर चार पुरुषांमागे जेमतेम एक जण घरकामाला हात लावत होता.

माझ्या कामात आम्ही ज्याला 'डिफॉल्ट' म्हणतो, ते असंच असतं. त्याची सक्ती कुणी करत नाही, पण मुद्दाम बदलल्याशिवाय ते बदलत नाही. पुस्तकातलं चित्र बदलायला ३३ वर्षं लागली. घरातलं बदलायला मंडळ नेमावं लागत नाही. मित्रांनो, संमेलनाच्या जेवणात भाजी निवडायला कोण बसणार, ते आधीच कळवा. आणि बाई, तुम्ही फक्त बघा आणि चित्रात काय दिसतं ते आम्हाला विचारा.