हवामानस्नेही खरेदीची डिजिटल साधने

हरितगृह वायूंचे कमी उत्सर्जन करणारी वस्तू किंवा सेवा ग्राहकाने निवडावी, या हेतूने खरेदीच्या ॲपमध्ये, संकेतस्थळावर किंवा पैसे भरण्याच्या यंत्रणेत केलेली रचना. वस्तूचे उत्सर्जन सांगणारे कार्बन लेबल, बँकेच्या ॲपमधला उत्सर्जनमापक, ऑर्डरच्या पानावर आधीच निवडून ठेवलेला पर्याय, वस्तूंचा क्रम लावणारे फिल्टर आणि बक्षीस म्हणून मिळणारे हरित गुण ही या साधनांची मुख्य रूपे. आजवरच्या अनुभवातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. नुसता आकडा दाखवल्याने खरेदी थोडीच बदलते. ग्राहकाने काहीच केले नाही तर काय घडेल, हे बदलले की ती पुष्कळ बदलते.

सुरुवातीला साऱ्यांची भिस्त माहितीवर होती. ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीने 2007 मध्ये आपल्या सुमारे 70 हजार वस्तूंवर कार्बन लेबल लावण्याची घोषणा केली. एकेका वस्तूचा हिशेब करायला काही महिने लागत. इतर दुकानदारही मागोमाग आले नाहीत आणि 2012 मध्ये कंपनीने हा प्रयत्न सोडून दिला. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातील एका उपाहारगृहात पदार्थांवर हिरवी, पिवळी व लाल अशी लेबले लावून पाहिली, तेव्हा विक्रीतून होणारे उत्सर्जन 3.6 टक्क्यांनी घटले, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ही घट खरी आहे, पण लहान आहे. भुकेल्या किंवा घाईत असलेल्या माणसाने दर वेळी आकडा वाचावा, तोलावा आणि सवय मोडावी, अशी लेबलाची अपेक्षा असते. ती फार मोठी आहे.

याउलट जर्मनीतला प्रयोग पाहावा. तिथे विजेचा पुरवठादार ऑनलाइन निवडता येतो. एका पुरवठादाराच्या संकेतस्थळावर सुमारे 42 हजार कुटुंबांसमोर यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एक अर्ज ठेवण्यात आला. एका अर्जात हरित विजेच्या चौकटीत ग्राहकाने स्वतः खूण करायची होती, दुसऱ्यात ती आधीच केलेली होती आणि एका क्लिकमध्ये काढता येत होती. हरित वीज किंचित महाग होती. पहिल्या अर्जातून करार करणाऱ्यांपैकी सुमारे 7 टक्क्यांनी ती घेतली, दुसऱ्यातून सुमारे 69 टक्क्यांनी. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. चीनमधल्या एलेमे या अन्न पोहोचवणाऱ्या ॲपने बीजिंग, शांघाय आणि तियानजिन या शहरांत ‘चमचे-काड्या नकोत’ हा पर्याय आधीच निवडलेला ठेवला आणि जोडीला झाडे लावण्यासाठी वापरता येणारे हरित गुण दिले. 2023 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या विश्लेषणानुसार चमच्यांविना मागवलेल्या ऑर्डरींचे प्रमाण 648 टक्क्यांनी वाढून जवळपास साडेसात पटींवर गेले. भारतात झोमॅटोनेही 2021 मध्ये चमचे आणि टिश्यू मागितल्याशिवाय न देण्याची पद्धत सुरू केली.

सक्ती न करता निवडीला हळूच दिशा देणाऱ्या अशा रचनेला ‘नज’ म्हणतात. तिचे परिणाम फुगवून सांगितले जातात, हा पहिला आक्षेप. तो गंभीर आहे. अमेरिकेतल्या दोन नज-संस्थांच्या 126 चाचण्या तपासल्यावर सरासरी परिणाम 1.4 टक्केबिंदू निघाला, तर विद्वत्‌नियतकालिकांत छापलेल्या अभ्यासांची सरासरी 8.7 होती. मात्र त्या 126 पैकी बहुतेक चाचण्या पत्र, ईमेल किंवा संदेशाचा मजकूर बदलून पाहणाऱ्या होत्या. म्हणजे हा पुरावा माहितीवर विसंबणाऱ्या साधनांच्याच विरोधात जास्त जातो. दुसरा आक्षेप फसवणुकीचा, आणि इथे सीमारेषा आखावीच लागते. भारतात 30 नोव्हेंबर 2023 रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी 13 प्रकारचे ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या रचना, निषिद्ध ठरवले. ग्राहकाला न विचारता बिलात वस्तू किंवा देणगी घुसडणे हा त्यांपैकी एक. झाड लावण्यासाठी 10 रुपयांची खूण आधीच करून ठेवणे याच सदरात मोडते, मग हेतू कितीही चांगला असो. चमचा न पाठवल्याने ग्राहकाच्या खिशातून काही जात नाही. ज्याने खर्च वाढतो, तो बदल ठसठशीत दिसला पाहिजे आणि एका स्पर्शात मागे घेता आला पाहिजे.

तिसरा आक्षेप असा, की सारी जबाबदारी व्यक्तीवर ढकलली जाते. बीपी या तेल कंपनीनेच 2004 च्या सुमारास व्यक्तिगत कार्बन फूटप्रिंट मोजण्याचे साधन लोकांपुढे आणले, हे लक्षात घेतले तर हा संशय रास्त वाटतो. पण आधीच निवडलेल्या पर्यायाची जबाबदारी ग्राहकावर टाकता येत नाही. तो पर्याय कंपनी ठरवते आणि त्याचा जाब कंपनीलाच विचारता येतो.

हिशेबाची अचूकता हा या साधनांचा सर्वांत कच्चा दुवा. 2019 मध्ये स्वीडनच्या डोकॉनॉमी या कंपनीने कार्डावरच्या खर्चावरून उत्सर्जन सांगणारी सेवा आणली, त्यानंतर अनेक बँकांनी तशीच साधने घेतली. असा मापक बहुधा रकमेला त्या व्यवसायक्षेत्राच्या सरासरी गुणकाने गुणतो. त्याच्या हिशेबात येवल्याची हातमागावरची, दोन पिढ्या नेसली जाणारी पैठणी ही चार धुण्यांत विटणाऱ्या स्वस्त कपड्यांच्या ढिगापेक्षा घातक ठरते. अन्नाच्या बाबतीतही सरासरी दिशाभूल करते. पूअर आणि नेमेसेक या संशोधकांच्या 2018 च्या अभ्यासात 119 देशांतील सुमारे 38,700 शेतांची माहिती होती. एकाच पदार्थाच्या दोन उत्पादकांत कित्येक पटींचा फरक आढळला, आणि अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे 6 टक्केच निघाला. त्यामुळे केवळ ‘स्थानिक’ असा शिक्का दाखवणारे ॲप ग्राहकाला फारसे काही सांगत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘इको-फ्रेंडली’सारख्या शब्दांना आता पुराव्याची जोड द्यावी लागते. ॲपमधले हिरव्या पानाचे चित्रही याच कसोटीला उतरले पाहिजे.

भारतासाठी या साधनांचा खरा उपयोग चमच्यापेक्षा वीज खाणाऱ्या यंत्रांत आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकन योजना 2006 पासून चालू असून एसीसाठी ती 2010 पासून सक्तीची आहे. एसीच्या लेबलावर 1600 तासांच्या वापराला लागणारी वार्षिक युनिटे छापलेली असतात. दोन एसींत 200 युनिटांचा फरक असेल, तर देशातल्या विजेच्या युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरून वर्षाला 140 किलोंचा फरक पडतो, आणि एसी तर दहा वर्षे चालतो. विक्रीच्या ॲपमध्ये मात्र किंमत आणि सवलत मोठ्या अक्षरांत दिसते, तर युनिटे तपशिलाच्या तळाशी असतात. ही माहिती ब्युरोकडे तयार आहे. किमतीच्या शेजारी दहा वर्षांचे अंदाजे वीजबिल दाखवणे आणि यादी आधी त्या एकूण खर्चाच्या क्रमाने लावणे विक्रेत्यांवर बंधनकारक करावे.