ट्रिमर किंवा डास मारायची रॅकेट चार्ज धरत नाही? फक्त बॅटरी बदलता येते का?

रात्रभर चार्जिंगला लावलेला ट्रिमर सकाळी दोन मिनिटांत बंद पडतो. मग तो बिघडला असं समजून टाकून दिला जातो. पण अनेकदा मोटर ठणठणीत असते, संपलेली असते ती फक्त आतली बॅटरी. ती बदलता येते. मात्र मापात बसली म्हणजे कुठलीही बॅटरी चालते, असं नाही.

बॅटरीचे प्रकार कोणते?
घरगुती उपकरणांत मुख्यतः तीन प्रकार आढळतात.
• निकेल: जुने ट्रिमर, कॉर्डलेस फोन. एक सेल १.२ व्होल्टचा.
• लिथियम-आयन: नवे ट्रिमर, छोटे व्हॅक्यूम क्लीनर. एक सेल ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा.
• लेड-ॲसिड: डास मारायच्या अनेक रॅकेट, इमर्जन्सी दिवे. बहुधा ४ किंवा ६ व्होल्ट.

प्रकार बदलला तर काय होतं?
उपकरणातलं चार्जिंग सर्किट मूळ बॅटरीसाठीच बनवलेलं असतं. साध्या लिथियम सेलचं चार्जिंग ४.२ व्होल्टला थांबावं लागतं. निकेलसाठीचं सर्किट तिथे थांबेलच असं नाही. जादा चार्ज झालेला लिथियम सेल तापतो, फुगतो, पेटही घेऊ शकतो.

बदलताना काय पाहावं?
• जुन्या बॅटरीवरचा मजकूर आणि वायरींची जागा यांचा फोटो काढून ठेवावा.
• प्रकार आणि व्होल्ट तेच हवेत. एमएएच थोडे जास्त असले तरी चालतात, फक्त चार्जिंगला वेळ लागतो.
• अनेक सेल असतील तर सगळे एकदम बदलावेत.
• वायर सोल्डर करायची असेल तर पट्टी जोडलेला सेल घ्यावा. थेट सेलवर सोल्डरिंग केल्यास उष्णतेने तो खराब होतो.
• रॅकेटचं बटण सोडल्यावरही आत हाय व्होल्टेज राहू शकतं. त्यामुळे माहिती नसेल तर ती दुरुस्तीच्या दुकानातच न्यावी.
• लिथियम बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये.

जुनी बॅटरी कुठे टाकावी?
बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळायची नसते. लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

नवी बॅटरी जास्त कशी टिकेल?
लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की लवकर मरते. म्हणून पावसाळा संपला की कपाटात जाणारा इमर्जन्सी दिवा पूर्ण चार्ज करूनच ठेवावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करावा.