पुसलेला आकडा परत आणणारी बेरीज

थोडं तांत्रिक आहे आणि लांबलंयही, पण सरकारी दप्तरं, जुनी वर्तमानपत्रं, ग्रामपंचायतीचे ठराव, सगळं स्कॅन करायची लाट आलीय म्हणून लिहितोय. स्कॅन झालं की कागद रद्दीत जातो. पुढं ती फाइलच उघडली नाही तर?

हा प्रश्न जुना आहे. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये रिचर्ड हॅमिंग नावाचा गणिती होता. त्याची गणितं रिलेच्या यंत्रावर शनिवार-रविवारी लागायची. यंत्राला चूक झालेली कळायची, पण सुट्टीत दुरुस्त करायला माणूस नसायचा. मग यंत्र ते काम टाकून पुढचं घ्यायचं. लागोपाठ दोन सोमवारी हॅमिंगच्या हाती काहीच लागलं नाही. तो चिडला. चूक झाली एवढं यंत्राला कळतं, तर कुठं झाली ते का कळू नये? या चिडण्यातून १९५० चा त्याचा प्रसिद्ध निबंध आला. चार बिटांच्या माहितीला तीन तपासणीचे बिट जोडायचे. सातातला कुठलाही एक बिघडला तर सापडतो आणि सुधारता येतो.

१९६० साली आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी जेमतेम पाच पानांचा निबंध लिहिला. त्यातली कल्पना किराणा दुकानाच्या वहीत बसते. पाच उधाऱ्या आणि खाली बेरीज. एक आकडा पाण्यानं पुसला, तर बेरजेतून बाकीचे वजा करा, मिळाला. दोन पुसले तर? मग आधीच दुसरी बेरीज लिहून ठेवलेली हवी: पहिली उधारी एकपट, दुसरी दुप्पट, तिसरी तिप्पट, अशी. दोन समीकरणं, दोन अज्ञातं. शाळेतलं बीजगणित. जितक्या वेगळ्या बेरजा, तितके पुसलेले आकडे परत. हीच युक्ती व्हॉयेजरनं युरेनस आणि नेपच्यूनची छायाचित्रं पाठवताना वापरली आणि १९८२ पासून सीडीवरचे ओरखडेही तिनंच झाकले. आपण कॅसेट सोडून सीडी ऐकायला लागलो तेव्हा यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं.

सामान्य माणसाच्या फायलींपर्यंत ती पोचली २००१ च्या सुमारास, यूजनेटवर. तिथं मोठी फाइल तुकडे करून पाठवत. एखादा तुकडा वाटेत गायब व्हायचा आणि लोक ‘पुन्हा पाठवा’ म्हणून मागं लागायचे. त्यावर ‘पार’ फायली निघाल्या. पार फाइल म्हणजे वहीतली जादा बेरीज. कुठलाही तुकडा हरवो, एक पार फाइल एका तुकड्याची जागा भरते. पण एक बाइट बिघडला तरी अख्खा तुकडा गेला असं धरावं लागे. पुढच्या ‘पार २’ नं फाइलचेच बारीक ठोकळे पाडले आणि प्रत्येकाची खूण नोंदवली, म्हणजे बिघाड नेमका कुठं ते कळतं. हजार ठोकळ्यांना शंभर जादा ठोकळे केले, तर कुठलेही शंभर बिघडले तरी चालतात. एकशे एक बिघडले की मात्र संपलं.

गंमत बघा. पारचं गणित जेम्स प्लँक यांच्या १९९७ च्या लेखावरून घेतलं होतं आणि त्या लेखातच चूक निघाली. २००३ साली त्यांनी स्वतःच दुरुस्ती लिहिली. चुका दुरुस्त करण्याच्या लेखात चूक! त्यामुळे क्वचित कधी पुरेसे ठोकळे असूनही दुरुस्ती अडते.

आमच्या भागातल्या एका वाचनालयानं जुन्या साप्ताहिकांचे अंक स्कॅन करून एका हार्ड डिस्कवर ठेवले. काही वर्षांनी एका जमिनीच्या वादासाठी एक अंक हवा होता. फाइल दिसते, आकारही दिसतो, उघडत नाही. कधी बिघडली, कुणालाच माहीत नाही. मूळ अंक रद्दीत. स्कॅनिंगच्या कामात पानाला किती पैसे ते ठरतं, दहा वर्षांनी पान उघडेल का हे कुणी विचारत नाही.

पार फाइल म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्कच मेली तर तिच्यावरच्या पार फायलीही मेल्या. दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवीच. आणि बेरीज आकडा पुसायच्या आधी मांडलेली हवी, म्हणजे स्कॅन केलं त्याच दिवशी. नंतर केली तर बिघडलेलीच फाइल जपली जाते. विंडोजवर ‘मल्टीपार’ फुकट मिळतं. शंभर जीबीच्या संग्रहाला दहा टक्के धरले तर साधारण दहा जीबी जागा जास्त लागेल. वर्षातून एकदा तपासणी चालवायला एक माणूस नेमा, आणि त्याचं नाव ठरावात लिहा.