डबा संपला का?

इतिहासकारांनी मधल्या सुट्टीवर मोठा अन्याय केला आहे. पानिपतावर कोणत्या सरदाराकडे किती घोडी होती यावर विद्वान मंडळी हमरीतुमरीवर येतात. पण त्या सरदाराच्या पाच वर्षांच्या चिरंजीवांनी त्या सकाळी काय खाल्ले, आणि ते पोटात जावे म्हणून मातोश्रींना काय काय सोंगे करावी लागली, याबद्दल बखरी गप्प! बखरकार पुरुष होते, हे एक कारण झाले. दुसरे असे की, लढाई एकदाच होते आणि तिचा निकाल लागतो. मुलाला भरवण्याची लढाई रोज होते आणि निकाल रोज तोच लागतो. त्यात लिहायचे काय?

सध्या या आघाडीवर युद्धसामग्री फार सुधारली आहे. आमच्या सूनबाईंनी फ्रिजवर एक तक्ता चिकटवला आहे. सोमवारी बिटाची पोळी, ताऱ्याच्या आकाराची. मंगळवारी नाचणीचा डोसा, त्याला गाजराचे नाक. बुधवारी काकडीची मगर, दातांसकट. नात पहिलीत आहे. मी तक्ता वाचून "आमच्या वेळी असले लाड..." एवढेच म्हणालो, तोच आतून आवाज आला, "अहो, तुमच्या वेळी सासूबाई वाटी घेऊन अंगणभर तुमच्या मागे धावायच्या. त्यांनीच सांगितलंय मला."

तेव्हा म्हटले, हा प्रकार जरा मुळापासून पाहावा.

मूळ भागवतात सापडते. दशम स्कंधात गोपाळ वासरे चारायला निघतात तेव्हा प्रत्येकाकडे घरून दिलेली शिदोरी शिंक्यात बांधलेली असते. ही पोरे वाटेत एकमेकांची शिंकी पळवतात, मालकाच्या लक्षात आले की लांब तिसऱ्याकडे फेकतात. पुढे यमुनेकाठी बसून कोणी पानावर, कोणी सालीवर, कोणी चक्क दगडावर डबा मांडतो, आणि माझे चाखून बघ, तुझे दे, असे सुरू होते. तेवढ्यात ब्रह्मदेव वासरे पळवतो, आणि कृष्ण हातातला घास तसाच घेऊन शोधायला निघतो. तपशील पाहा! शाळेत चार दिवस घालवलेल्या कोणालाही ही मधली सुट्टी ओळखू येईल. आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी तर त्या डबा-वाटपाचा धर्मच करून टाकला. लाह्या, पोहे, दही, लोणचे एकत्र कालवायचे आणि एकमेकांच्या मुखी घालायचे. गोपाळपूरचा काला झाल्याशिवाय आषाढीची वारी पुरी होत नाही.

मला या कथेतले मर्म असे वाटते की, यशोदेने काय बांधून दिले होते याला फारसे महत्त्व नव्हते. मुलाला दुसऱ्याचे आवडते. नातीकडून मी सध्याचे बाजारभाव काढले आहेत. चीजच्या एका त्रिकोणाला दोन थालीपिठे. थालीपिठावर लोण्याचा गोळा असेल तर बरोबरी. शेंगदाण्याचा लाडू रोखीने खपतो. काकडीच्या मगरीला मात्र गिऱ्हाईक नाही, कारण ती बुधवारी अर्ध्या वर्गाच्या डब्यात असते.

गंमत आणि पौष्टिकपणा यांची सांगड आत्ताच कोणी घातली, असेही समजू नये. भाकरी थापताना शेवटचा उरलासुरला गोळा घेऊन पोरासाठी तळहाताएवढी चानकी करायची, ही ताऱ्याच्या पोळीची पणजी. तिची चव मोठ्या भाकरीसारखीच, पण ती 'माझी' असे. चिऊकाऊच्या नावाने घास भरवणे ही तर जाहिरातशास्त्राची पहिली यत्ता : मालाचे गुण सांगू नका, गिऱ्हाइकाचा प्रतिस्पर्धी दाखवा. आणि बोरन्हाण? बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा, सगळे मुलाच्या डोक्यावर ओतायचे, म्हणजे बाकीची मुले ते वेचून खातात. ताटात घातलेली बोरे त्यांनी खाल्ली असती का, सांगा!

मुलगा शिकायला बाहेर पडला की मात्र गंमत संपे. मुंजीत मातृभोजन असते. आईच्या ताटात बसून शेवटचे जेवायचे आणि मग गुरूकडे जायचे. तिथे माधुकरी. पुढे शहरात इंग्रजी शाळा निघाल्या तेव्हा गरीब ब्राह्मणांची मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. सात वारांना सात घरे मिळाली तर भाग्य. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी सक्तीची एकादशी. तिथे 'मला भेंडी आवडत नाही' म्हणायची सोय नव्हती. आणि ब्राह्मणेतर मुलांना तर या वारांचीही सोय नव्हती.

'टिफिन' हा शब्द साहेबाने आणला. तो हिंदुस्थानातल्या गोऱ्यांच्या बोलीतला. ज्या जुन्या इंग्रजी शब्दापासून तो आला त्याचा अर्थ अवेळी काही खाणे किंवा पिणे. आणि पिणे म्हणजे पाणी नव्हे. बालवाडीच्या सूचनेत 'टिफिन पौष्टिक असावा' असे वाचले की मला हे आठवते. पुढे १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत डबे पोचवण्याचा धंदा सुरू केला. आडनाव बच्चे, पण गिऱ्हाईक मोठे. कचेरीतल्या माणसाला घरचे जेवण हवे असे. शाळांतले डबेही या मंडळींनी पुष्कळ वाहिले. पण कारकुनाचा डबा रिकामा आला म्हणजे तो कारकुनाने खाल्ला असे धरता येते. मुलाचा डबा रिकामा आला याचा अर्थ फक्त तो रिकामा झाला आहे, एवढाच.

पुस्तकांनीही हातभार लावला. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० मध्ये वाटीचे माप हातात दिले आणि नव्या सुनांची मान वर झाली. 'मूल नको म्हणाले तर' या पाककृतीचा शोध मात्र अजून लागायचा आहे. ती जागा कारखानदारांनी हेरली. पार्ल्याच्या कारखान्यातून १९३९ पासून ग्लुकोजची बिस्किटे निघू लागली. ग्लुकोज म्हणजे शक्ती, हे आयांना पटले आणि बिस्किट गोड असते, हे मुलांना. दोघांचे एकमत होण्याची ती बहुधा पहिली वेळ. १९८३ मध्ये दोन मिनिटांच्या नूडल्स आल्या. त्यानंतर शेवया, ज्या आपण शतकानुशतके पाटावर वळत होतो, त्या मागासलेल्या ठरल्या. असो.

आमचा डबा ॲल्युमिनियमचा होता. लोणच्याच्या आंबटाने आतून काळवंडलेला. झाकण सैल असल्याने भूगोलाच्या पुस्तकातल्या विदर्भावर तेलाचा एक मोठा तलाव पसरला होता. डब्यात बहुधा गूळ-तूप-पोळीची गुंडाळी किंवा फोडणीची पोळी. देवघेव जोरात चाले. पण वर्गातला एक मुलगा घंटा झाली की नळावर जाऊन पोटभर पाणी पिई आणि "मला भूकच नाही लागत" म्हणून एकदम खेळायलाच उतरे. तो कबड्डीत फार लवकर दमायचा. दुसऱ्या एकाकडे डबा असे, भाकरी आणि सुक्या बोंबलाच्या चटणीचा. त्याच्या चटणीचा भाव आमच्या बाजारात कोणी विचारत नसे. त्याचे कारण बोंबील नव्हते, हे कोणी न सांगताच सगळ्यांना ठाऊक होते. काला काला म्हणून आपण नाचतो खरे. पण काल्यात कोणाचे शिंके चालते, हेही पाहावे लागते.

ते पाहिले कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९२४ साली साताऱ्याला त्यांनी वसतिगृह काढले आणि सगळ्या जातींची मुले एकत्र रांधायला आणि एका पंगतीला बसवली. तक्ता नव्हता, तारे नव्हते. भाकरी होती आणि तीही रोज असेलच असे नव्हते. एका अडचणीच्या वेळी मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, गळ्यातले मंगळसूत्र दिले. मुलांच्या पौष्टिक आहारावर आजवर झालेल्या खर्चात एवढी मोठी रक्कम दुसरी नसावी.

सरकारी पातळीवर अशी सुरुवात मद्रासला झाली होती. १९२० मध्ये तिथल्या नगरपालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत मुलांना टिफिन द्यायचे ठरवले. खर्च दर मुलामागे रोज एक आण्याच्या वर जाता कामा नये! आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळाने सुकडी आणली. गोड, कोरडी, घशात बसणारी. त्या पिढीतली माणसे आज नातवंडांच्या ताटातला टाकलेला घास पाहून सुकडीचे नाव काढतात आणि नातवंडे दाराबाहेर पळतात. १५ ऑगस्ट १९९५ पासून शालेय पोषण आहाराची देशव्यापी योजना आली, तेव्हा आधी हजेरी ऐंशी टक्के भरली की महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. घरी गेलेला तांदूळ घर खाते. त्यातला पोराच्या वाट्याला किती येई ते चुलीलाच माहीत. मग २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शाळेत शिजवलेले, गरम अन्न द्या. निदान तीनशे कॅलरी आणि आठ ते बारा ग्रॅम प्रथिने. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मुलांच्या डब्यात लक्ष घातले, ही बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. "बघा," ही म्हणाली, "मी सांगते तेव्हा कोणी ऐकत नाही."

आपल्याकडे त्यातून खिचडी आली. खिचडीला नावे ठेवणाऱ्यांत मी नाही. तीत तांदूळ असतो, डाळ असते, एखादे गाजर सापडते, आणि मुख्य म्हणजे नळावर पाणी पिणारा मुलगा पंगतीत बसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, असे ठरले. त्यावर मोठ्या माणसांत पुष्कळ वाद झाले. मुलांनी तेवढ्या वेळात अंडे खाल्ले. २०२५ च्या जानेवारीत अंड्याचा सरकारी पैसा थांबला.

या योजनेत एक नियम आहे, तो मला फार आवडतो. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न स्वतः चाखायचे आणि चव कशी आहे ते वहीत लिहायचे. म्हणजे बखरकारांना जे सुचले नाही ते अखेर गावोगावच्या शाळांत होऊ लागले. मुलांच्या जेवणाची रोजची, तारीखवार, सहीनिशी नोंद! माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी अशा वह्या वर्षानुवर्षे भरल्या. त्यांना विचारले, "काय लिहीत होता?"

"'चव उत्तम'," ते म्हणाले, "रोज."

"आणि मुलं काय म्हणायची?"

"त्याला रकाना नव्हता."